लिंबूटिंबूंची कैफियत

लपंडाव असो, डबा ऐसपैस असो की गल्लीतले क्रिकेट असो, डाव सुरू होण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावाच लागे. कोणाचे तरी धाकटे भावंड 'मी पण, मी पण' करीत मागे लागलेले असे. त्याचे काय करायचे? उत्तर ठरलेले होते. त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. लिंबूटिंबू इतरांइतकाच पळे, ओरडे, घामाघूम होई; पण त्याच्यावर राज्य येत नसे, तो बाद झाला तरी बाद नसे आणि त्याने कोणाला शिवले तरी ते शिवणे धरले जात नसे. त्या बिचाऱ्याला वाटे आपण खेळत आहोत. बाकी सर्वांना ठाऊक असे की तो खेळात नाही.

मोठेपणी हा प्रकार बंद पडावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण रविवारी सकाळी आझाद मैदान, क्रॉस मैदान किंवा शिवाजी पार्क यांपैकी कोठेही तासभर उभे राहून पाहा. मिसरूड फुटलेले, नोकरीला लागलेले, काही तर नातवंडे झालेले लिंबूटिंबू तेथे टोप्या घालून उन्हात उभे असलेले दिसतील. त्यांची कैफियत मला येथे मांडावयाची आहे. मी स्वतः आमच्या क्लबात नवव्या क्रमांकाचा फलंदाज आणि कप्तानाच्या सहसा लक्षात न राहणारा गोलंदाज आहे. तेव्हा माझे मत निःपक्षपाती आहे असा दावा मी करीत नाही.

येथे कोणता सामना अभिप्रेत आहे ते आधी सांगितले पाहिजे. शील्डचे आणि लीगचे सामने सोडून द्या. तेथे गुण असतात, वरच्या विभागात चढणे आणि खालच्या विभागात घसरणे असते. तेथे जो चांगला त्यालाच पुढे केले पाहिजे. मी बोलतो आहे ते ज्या रविवारी अधिकृत सामना नसतो त्या रविवारी क्लबातल्याच मंडळींनी दोन संघ पाडून आपापसांत खेळावयाच्या सामन्याबद्दल. एका बाजूला कप्तान, दुसऱ्या बाजूला उपकप्तान, आणि दोघांनी आळीपाळीने गडी मागून घ्यायचे. (हे मागून घेणेही पाहण्यासारखे असते. पहिले चार गडी मोठ्याने, नाव घेऊन मागितले जातात. शेवटचे चार 'बरं, मग आता हे दोन तुमचे, ते दोन आमचे' अशा घाऊक भावाने जातात.) जो संघ हरेल त्याने सर्वांना चहा आणि वडापाव द्यायचा, एवढीच पैज. नाव 'फ्रेंडली'. मराठीत आपण त्याला मैत्रीचा सामना म्हणतो.

आता या मैत्रीचा हिशेब करू. पंचवीस षटकांचा डाव धरला तर चेंडू झाले १५०. आमच्याकडचे पहिले तीन फलंदाज लीगमध्ये सलामीला जाणारे, मॅटिंगवर चेंडू सरळ येणारा, आणि गोलंदाज तर रोजच्या ओळखीचा. तिघांनी मिळून ११० चेंडू खेळून काढणे यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. उरले ४०. ते बाकीच्या आठांत वाटले तर माणशी पाच. प्रत्यक्षात तेवढेही वाटले जात नाहीत. चौथा आणि पाचवा मिळून ते संपवतात, आणि त्यांच्या खालची मंडळी सकाळी बांधलेले पॅड दुपारी सोडतात. गोलंदाजीचेही तेच. पंचवीस षटके पाच जणांत संपतात, आणि तो पाचवा बहुधा कप्तान स्वतः असतो. म्हणजे बावीस जणांतले दहाबारा क्रिकेट खेळतात आणि उरलेले त्यांना चेंडू आणून देतात.

त्या उरलेल्यांनी काय दिलेले असते तेही पाहा. वर्गणी सर्वांना सारखी. साडेपाचला उठून कोणी डोंबिवलीहून, कोणी वसईहून लोकल पकडलेली असते. क्लबची किटबॅग उचलायला दोन माणसे लागतात, आणि ती दोन माणसे नेमकी खालच्या क्रमांकाची असतात. शिवाय आझाद मैदानावरचे क्षेत्ररक्षण म्हणजे काय, हे तेथे उभे राहिल्यावाचून कळायचे नाही. एका वेळी इतके सामने एकमेकांत शिरून चाललेले असतात की आपला कव्हर शेजारच्या सामन्यातल्या स्क्वेअर लेगच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. 'सांभाळ' अशी आरोळी आली, तर ती कोणत्या सामन्यातून आली हे कळेपर्यंत चेंडू बरगडीत बसलेला असतो.

याच मैदानावर १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या सामन्यातला तिसराच मुलगा आठवतो. पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव सोडला आणि त्याला बॅट घेऊन आत जाण्याची वेळच आली नाही. पुढे हाच मुझुमदार रणजी पदार्पणात २६० धावा करणार होता, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमवणार होता, आणि तरी भारताच्या कसोटी संघाचे दार त्याला कधी उघडणार नव्हते. तो स्पर्धेचा सामना होता, दोघे बाद होत नव्हते, त्यात कोणाचा अपराध नव्हता. पण पॅड बांधून बसलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला नाही, एवढे मात्र त्यावरून दिसते. धावफलकात त्याच्यासाठी जागाच नसते.

गंमत अशी की आमच्यासारख्यांना खरी फलंदाजी मिळते ती लीगमध्ये. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात लीग खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघ्याशी खेळणारे गवत, जमिनीवरून मारलेला चेंडू दहा पावलांवर रुतून बसणारा. अशा ठिकाणी सलामीचे शूर वीर अर्ध्या तासात तंबूत परततात आणि नववा, दहावा, अकरावा असे सगळे ओळीने आत जाऊन येतात. पावसाने आम्हांला जे दिले ते मित्रांनी दिलेले नाही.

'अहो, एवढे काय त्यात? खेळ आहे,' असे यावर ऐकावे लागते. खेळ आहे म्हणूनच तर बोलावे लागते. हातात बॅट कोणाच्या द्यावयाची हा प्रश्न आपल्याकडे कधीच क्षुल्लक नव्हता. पाळवणकर बाळू यांची हकीकत रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात सविस्तर सांगितली आहे. चर्मकार समाजातला हा तरुण पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी उभारणे ही त्याची कामे. आणि साहेबांच्या सरावासाठी जाळीत गोलंदाजी करणे हे पुढे वाढलेले काम. ग्रेग नावाचा त्या वेळचा नामांकित फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्याच्या गोलंदाजीवर सराव करी आणि बाळूने बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. हजारो चेंडू टाकले. पण त्या जाळीत त्याच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा मानाचा भाग, तो साहेबाचा. पुढे हिंदूंच्या संघात त्याला घ्यावे लागले, तेव्हाही मैदानावर चेंडू सर्वांनी शिवायचा आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचा, असा व्यवहार होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंचे कर्णधारपद मात्र त्याला मिळाले नाही; ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले, आणि तेही पुष्कळ झगड्यानंतर.

आमच्या क्लबातल्या नवव्या फलंदाजाची बाळूशी तुलना करणे हा अगोचरपणा होईल, आणि तो मी करणार नाही. त्याच्यावर झाला तो अन्याय होता. आमची होते ती गैरसोय. परंतु मैदानावर कामाची आणि मानाची अशी दोन खाती पडतात, हे त्या हकीकतीत जितके उघडे दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. ती खाती आजही आहेत. फक्त कोणी ती उघडपणे मांडत नाही.

आमचे सलामीचे फलंदाज यावर एक उत्तर देतात, आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, 'ज्याला येतं त्याला खेळू द्यावं. तुम्हांला वाटून वाटून क्रिकेट हवं असेल तर ते क्रिकेट राहणार नाही, ती प्रसादाची वाटणी होईल.' मला हे अर्धे पटते. क्रिकेट हा मुळातच विषम वाटपाचा खेळ आहे. एक माणूस चार तास खेळतो, दुसरा पहिल्या चेंडूवर परत येतो. या विषमतेतच त्याची गोडी आहे. बाद होईपर्यंत खेळायचे, ही अट काढली तर मागे काय उरते? पण सलामीवाले एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. लीगमध्ये त्यांना बाद करायला समोरचा संघ जिवाचे रान करतो. येथे समोर त्यांचाच मित्र असतो, तो दोन ढिले चेंडू टाकून हसतो, स्लिपमध्ये उभा असलेला दुसरा मित्र ऑफिसातली हकीकत सांगत असतो, आणि पायचीतचे अपील कोणी करीत नाही. अशा फुकटच्या मुक्कामाला कर्तृत्व म्हणायचे असेल तर म्हणावे.

या तक्रारींवर तोडगा म्हणून बहुतेक क्लबांत एक नियम आलेला आहे: तीस धावा झाल्या की फलंदाजाने निवृत्त व्हायचे. नियम भला आहे, मी त्याच्या बाजूने हात वर करीन. पण हा नियम म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे. क्रिकेटच्या कायद्याप्रमाणे दुखापत, आजार किंवा तसेच अटळ कारण नसताना फलंदाज स्वतःहून निघून गेला आणि परत आला नाही, तर धावफलकात त्याची नोंद 'निवृत्त, बाद' अशी होते. सप्टेंबर २००१ मध्ये कोलंबोच्या कसोटीत श्रीलंकेने बांगलादेशाविरुद्ध मार्वन अटापट्टूला २०१ वर आणि महेला जयवर्धनेला १५० वर असेच माघारी बोलावले, मागच्यांना सराव मिळावा म्हणून. कसोटीच्या इतिहासात अशी नोंद झालेले ते दोघे पहिले. वरवर पाहता किती उदार कृत्य! मागच्यांचा विचार केला. तरी त्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. कारण त्या औदार्याचा खरा अर्थ समोरच्या अकरा जणांना असा लागत होता की 'तुम्ही आम्हांला बाद करू शकत नाही, तेव्हा आमचे आम्हीच बाद होतो.' एक अख्खा देश लिंबूटिंबू ठरला.

म्हणून तीस धावांचा नियम हवा असेल तर तो नाणेफेकीपूर्वी ठरला पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या सर्वांना सारखा लागला पाहिजे. पस्तिसाव्या धावेवर कप्तानाने हात हलवून 'ये रे आता, बाकीच्यांनाही खेळू दे' म्हणणे, ही मेहेरबानी झाली. मेहेरबानीने मिळालेली बॅट हातात जड लागते. हे मी अनुभवाने सांगतो.

मेहेरबानीवरून आमच्या क्लबातली एक घटना सांगितलीच पाहिजे. आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद पासष्टीच्या पुढचे आहेत. सर्वजण त्यांना काका म्हणतात. तरुणपणी त्यांनी ऑफिसच्या संघातून पुष्कळ क्रिकेट खेळलेले आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ते दहाव्या क्रमांकावर आले. गार्ड घेतला, क्षेत्ररचना पाहिली, ग्लोव्हज् पुन्हा एकदा घट्ट केले. पहिलाच चेंडू आत आला आणि मधली दांडी गुल. गोलंदाजाने आनंद करायचा की नाही हे त्याचे त्यालाच कळेना. तेवढ्यात पंचाचा हात हळूच बाजूला पसरला. चेंडू यष्ट्यांना लागून, बेल्स खाली पडून, यष्टिरक्षकाने त्या उचलल्यानंतर पसरला.

"काका, नो-बॉल. खेळा तुम्ही."

"नो-बॉल? मग टाकताना का नाही ओरडलास?"

"आता दिसलं, काका. पाय पुढे होता त्याचा."

"पाय माझा पुढे यायला हवा होता, तो आला नाही," काका म्हणाले. "दांडी उडाली ती मला दिसली. नंतरच्याला पाठवा." आणि बॅट काखेत मारून ते चालू लागले.

सीमारेषेवर काही जण हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते त्या दिवशी मैदानावर खेळलेला सर्वांत खरा चेंडू तोच. ज्या पंचाने तो नो-बॉल दिला तो स्वभावाने अत्यंत सज्जन मुलगा. त्याला काकांना एक आनंद द्यायचा होता. पण ज्याला बाद होण्याचा अधिकार नाही त्याने काढलेल्या धावाही खोट्याच. एवढे त्या सज्जनाच्या लक्षात आले नाही, काकांच्या आले. प्रा. दि. ब. देवधर पुण्यात संस्कृत शिकवीत आणि १९४०-४१ साली, म्हणजे वयाची पन्नाशी जवळ आलेली असताना, महाराष्ट्राचे कप्तान म्हणून त्यांनी लागोपाठ दुसऱ्या वर्षी रणजी करंडक जिंकला. त्यांचे वय पाहून कोणी त्यांना हळू गोलंदाजी केल्याचे ऐकिवात नाही. (कला शाखेच्या माणसाला क्रिकेटमध्ये काय कळते, असे म्हणणाऱ्या आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी हे टिपून ठेवावे.)

तर मग औदार्याला क्रिकेटमध्ये जागाच नाही काय? आहे, आणि मुंबईतच तिचे उदाहरण आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एक कसोटी झाली. समारंभाची कसोटी, एका अर्थाने तोही मैत्रीचाच सामना. इंग्लंड ५ बाद ५८ असे कोलमडलेले. बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले गेले. त्याच्या चेहऱ्यावर नवल होते. स्लिपमध्ये उभे असलेले आपले कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांची खात्री झाली की बॅट लागलेली नाही, आणि त्यांनी टेलरला परत बोलावले. टेलरने ४३ केल्या, बोथमने ११४, दोघांनी १७१ जोडल्या, आणि आपण तो सामना दहा गडी राखून हरलो.

विश्वनाथ आणि आमचा तो नो-बॉल देणारा सज्जन, दोघांनीही बाद झालेल्याला परत बोलावले. वरवर दोन्ही सारखे. पण विश्वनाथ यांनी टेलरला परत बोलावले ते तो दुबळा होता म्हणून नव्हे. तो बाद नव्हता म्हणून. आणि त्याची किंमत मोजली ती स्वतःच्या संघाच्या पराभवाने. आमच्या नो-बॉलची किंमत कोणीच मोजली नव्हती. काका दहा चेंडू खेळले असते तरी निकाल बदलणार नव्हता, म्हणून तर तो हात इतका सहज पसरला. सामन्यात दोन धावा हव्या असत्या तर पसरला असता काय?

पंचांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकू. आपल्या या सामन्यांत पंच बाहेरचे नसतात. फलंदाजी करणाऱ्या संघातलेच खालच्या क्रमांकाचे दोघे पांढरी टोपी घालून उभे राहतात. आता त्या सातव्या क्रमांकाच्या माणसाच्या मनाची कल्पना करा. समोर त्याचाच कप्तान खेळतो आहे. चेंडू कप्तानाच्या पॅडवर, यष्ट्यांच्या अगदी समोर आदळला. बोट वर केले तर स्वतःची फलंदाजी एकाने जवळ येते, म्हणजे स्वार्थ साधल्याचा आरोप. न करावे तर कप्तान खूश, पण स्वतःचे पॅड पुन्हा दुपारपर्यंत. पायचीतचा नियम १७७४ पासून क्रिकेटच्या कायद्यात आहे. आमच्या मैदानावर तो यायला अजून थोडा अवधी आहे. गेल्या दोन हंगामांत आपसांतल्या सामन्यात पायचीत दिलेला मी एकच पाहिला, आणि तो देणाऱ्याला संध्याकाळी चर्चगेटपर्यंत एकट्यानेच चालत जावे लागले.

उपाय अगदी साधा आहे: पंच क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघातला द्यावा. त्या संघात दहा गडी राहतील. राहू देत. संमतीने अकरांहून कमी गड्यांनी खेळायला कायद्याची हरकत नाही, आणि थर्ड मॅनला उभे राहून ढग मोजणारा एक माणूस कमी झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. हा पंच पक्षपात करील अशी शंका येईल. करील; पण तो पक्षपात बाद देण्याच्या बाजूचा असेल, आणि आपल्या रोगाला तेच औषध लागू पडणारे आहे.

फलंदाजीच्या क्रमाबद्दलही माझे एक म्हणणे आहे. मागच्या रविवारी ज्यांना बॅट मिळाली नाही त्यांनी या रविवारी सलामीला जावे. वहीत तशी नोंद ठेवावी. एवढे झाल्यावर मात्र कोणावर दया नको. मी सलामीला आलो तर क्लबातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजाने मला पूर्ण धावपट्टीवरून टाकावे. पहिल्या चेंडूवर गेलो तर गेलो. हेल्मेट क्लबकडे आहे. ते इतरांच्या घामाने ओलसर असते आणि त्याला वास येतो, तरी मी ते घालीन. ज्याला माझी दया येत असेल त्याने चहा पाजताना ती दाखवावी.

हा सगळा प्रस्ताव मी आमच्या क्लबाच्या बैठकीत मांडला. क्रम बदलण्याला सलामीवाल्यांचा विरोध होता, तो अपेक्षितच होता. खरी अडचण आली ती दुसऱ्याच ठिकाणी.

आमच्या एका सभासदाची मुलगी अकरावीत आहे. दर रविवारी ती वडिलांबरोबर येते आणि आमची धावांची वही लिहिते. तिच्याइतकी स्वच्छ वही आमच्यापैकी कोणीही लिहीत नाही. तिच्या वहीत गोलंदाजांच्या धावा आणि संघाच्या धावा यांचा मेळ बसतो, ही आमच्या क्लबाच्या इतिहासात नवीन गोष्ट आहे. ही मुलगी आठवड्यातून चार दिवस एका प्रशिक्षकांकडे लेगस्पिन शिकते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्यातल्याच कित्येकांनी मध्यरात्री रस्त्यावर येऊन फटाके लावले. त्या संघाचे प्रशिक्षक कोण होते? तेच अमोल मुझुमदार, ज्यांना १९८८ साली पॅड सोडावे लागले होते. आमच्या कप्तानाने त्यावर भावनेने भरलेले एक छोटे भाषणही केले. पुढच्या रविवारी त्या मुलीच्या हाती पुन्हा वहीच दिली.

त्या दिवशी तिने विचारले, "काका, मी दोन ओव्हर टाकू?"

"अगं, हा सीझन बॉल आहे. कोणी जोरात मारला तर लागेल."

"मी रोज सीझन बॉलनंच टाकते."

कप्तान मोठ्या मनाचा माणूस. सामना जवळजवळ संपल्यावर, सहा चेंडूंत चाळीस धावा हव्या असताना, त्याने चेंडू तिच्यापुढे केला. "घे, टाक शेवटची. हौस होऊन जाऊ दे." तिने चेंडू हातात घेतला, शिवण बोटांत फिरवली, आणि परत दिला. म्हणाली, "धरणार असाल तेव्हा टाकीन." मग खाली बसून तिने शेवटचे षटक वहीत लिहिले.

बैठकीत मी सुचवले की पुढच्या रविवारपासून गडी मागून घेताना तिचेही नाव घ्यावे. कोणी म्हणाले, वडिलांची परवानगी हवी. वडील शेजारीच बसले होते, त्यांनी मान हलवली. कोणी म्हणाले, तिच्या गोलंदाजीवर जोरात मारता येणार नाही, काका म्हणाले, "आधी बॅटला लागू दे." शेवटी चिटणिसांनी जो प्रश्न काढला त्यापुढे बैठक गप्प झाली: ती खेळायला लागली तर वही कोण लिहिणार? विषय पुढील बैठकीवर ढकलण्यात आला आहे. वही लिहायला मी तयार आहे; परंतु नवीन क्रमाप्रमाणे त्या रविवारी मी सलामीला आहे.